मायक्रोपायथनमध्ये अचानक येणाऱ्या एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिको, पिको डब्ल्यू (वायफायवाला पिको) आणि ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर मायक्रोपायथन, म्हणजे अशा बोर्डांसाठीचं छोटं पायथन, चालवणारे लोक मला जे परत परत विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतोय. एलईडी ब्लिंक करेपर्यंत सगळं छान चालतं, खरा त्रास तेव्हा सुरू होतो जेव्हा बोर्ड घरापासून लांब कुठेतरी डब्यात बंद असतो आणि समोर बघायला कोणी नसतं, हे सगळं त्या वेळेसाठी आहे.

एरर आली की बोर्डवर नक्की होतं काय?

बोर्ड चालू झाला की आधी बूट डॉट पीवाय चालते, मग मेन डॉट पीवाय. मेनमध्ये कुठेही एरर आली आणि ती तुम्ही पकडली नाही तर पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठल्या ओळीत आली त्याचा माग, सिरियलवर (यूएसबीनं लॅपटॉपला जाणाऱ्या लाईनवर) छापला जातो आणि बोर्ड आरईपीएलवर, म्हणजे त्या तीन बाणांच्या प्रॉम्प्टवर जाऊन बसतो. बस एवढंच, आपोआप रीस्टार्ट होत नाही. लॅपटॉप लावलेला असेल तर तुम्हाला लाल अक्षरात सगळं दिसतं, नसेल तर तो ट्रेसबॅक हवेत जातो, कोणालाच दिसत नाही.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पिना आहे तशाच राहतात. रिले (बोर्डच्या पिनेवरून चालणारा विजेचा स्विच) चालू असताना प्रोग्राम मेला तर रिले चालूच राहतो. ओलेड डिस्प्लेचं पण तसंच, त्याची स्वतःची मेमरी असते त्यामुळे शेवटचं जे दाखवलं ते तो दाखवतच राहतो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळं व्यवस्थित चालू आहे. म्हणून मी आता प्रत्येक डिस्प्लेच्या कोपऱ्यात दर सेकंदाला चालू-बंद होणारा एक ठिपका ठेवतो, ठिपका थांबला म्हणजे प्रोग्राम थांबला.

मग सगळा लूप ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळून खाली पास लिहिलं तर?

नका करू प्लीज. ट्राय-एक्सेप्ट एरर पकडतं आणि पास म्हणजे काहीच करू नको. दोन कारणं आहेत.

एक म्हणजे नुसतं एक्सेप्ट लिहिलं, पुढे काही नाव नाही, तर ते कीबोर्डइंटरप्ट पण गिळतं, म्हणजे तुम्ही कंट्रोल सी दाबता तेव्हा जी येते ती. मग लूप थांबतच नाही आणि थॉनी (लॅपटॉपवर कोड लिहायचा प्रोग्राम) नुसतं बिझी बिझी म्हणत बसतं. कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिट या दोन्ही एक्सेप्शनच्या पोटात येत नाहीत, त्या बेसएक्सेप्शनमधून येतात, म्हणून कमीत कमी 'एक्सेप्ट एक्सेप्शन ॲज ई' एवढं तरी लिहा, म्हणजे कंट्रोल सी चालू राहील.

दुसरं म्हणजे पास लिहिलं की एरर गेली असं होत नाही, फक्त ती तुम्हाला कळायची बंद होते. सेन्सरची वायर निघाली तरी प्रोग्राम फिरत राहतो, व्हेरिएबलमध्ये कालचं रीडिंग पडलेलं असतं आणि तुमचं लॉजिक त्याच शिळ्या आकड्यावर निर्णय घेत राहतं. माझ्या मते हे प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा वाईट आहे.

कुठली एरर पकडायची हे कसं ठरवायचं?

इथे माझ्या हातून काय झालं ते सांगतो. शेतात पंपघरात पिको डब्ल्यू लावला होता, रिलेवरून कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा मोठा स्विच), कॉन्टॅक्टरवरून विहिरीतली सबमर्सिबल. रोज ४० मिनिटं ड्रिप चालवायचं आणि सोबत डीएचटी२२ वरून तापमान आणि ह्युमिडिटी नोंदवायची, एवढंच काम. सेन्सर नाही मिळाला की ओएसएरर (हार्डवेअर, फाईल, नेटच्या अडचणींची एरर) टाइमआउट येते हे टेबलवर वायर काढून बघितलेलं होतं, म्हणून रीडिंगभोवती 'एक्सेप्ट ओएसएरर' लिहिलं आणि मला वाटलं झालं काम.

पण त्या डीएचटीच्या मॉड्यूलमध्ये अजून एक एरर आहे, डेटा आला पण बेरीज जुळली नाही तर ते 'चेकसम एरर' म्हणून साधं एक्सेप्शन फेकतं, ओएसएरर नाही. पंपघरात सेन्सरची वायर मोटरच्या केबलला चिकटून गेलेली, कॉन्टॅक्टर खटकन ओढला की लाईनमध्ये नॉइज येणारच. रात्रीची लाईट होती, साडेबाराला मोटर चालू झाली, पुढच्याच रीडिंगला चेकसम चुकला, माझ्या एक्सेप्टमध्ये तो बसला नाही आणि प्रोग्राम मेला, रिले चालूच. सकाळी बाबांचा फोन आला की विहीर तळाला गेलीय आणि मोटरचा वास येतोय. वाइंडिंग जळालेलं होतं. डिस्प्लेवर तेव्हा पण २७.४ अंश दिसत होतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. जिथे सेन्सर वाचतो तिथे, अगदी त्या एक-दोन ओळींभोवती, छोटा ट्राय, त्यात एक्सेप्शन पकडायचं आणि रीडिंगला नन (पायथनचं 'काहीच नाही') द्यायचं, जुना आकडा ठेवायचा नाही. आणि सगळ्यात बाहेर मेन लूपला एक मोठा ट्राय, जो अजिबात अपेक्षित नसलेल्या एररसाठी आहे, त्यात आधी मोटर बंद, मग एरर लिहून ठेवायची, मग रिसेट. मधल्या भागात ट्राय पेरत बसायचं नाही. आणि लायब्ररी वापरण्याआधी तिची फाईल उघडून त्यात रेज (एरर फेकणारा) शब्द शोधायचा, या बहुतेक लायब्ररी शे-दोनशे ओळींच्याच असतात, पाच मिनिटांत कळतं काय काय येऊ शकतं.

ओएसएररचे नंबर वेगवेगळ्या बोर्डवर वेगळे का येतात?

कारण ते खालच्या सिस्टिममधून येतात. आयटूसीवर, म्हणजे सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या लाईनवर, डिव्हाइस सापडला नाही तर पिको ५ नंबर म्हणजे ईआयओ देतो आणि ईएसपी३२ १९ म्हणजे ईएनओडीईव्ही. टाइमआउट कुठे ११० तर कुठे ११६. म्हणून कोडमध्ये नंबर लिहू नका, एररनो मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातल्या नावाशी तुलना करा (आयटूसीला ईआयओ आणि ईएनओडीईव्ही ही दोन्ही नावं तपासा), बोर्ड बदलला तरी कोड चालेल. ईएसपी३२ वर उणे २०२ दिसलं तर बहुतेक वेळा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) मिळालेलं नाही असं समजा, म्हणजे वायफायला जोडलाय पण पुढे नेट नाही.

फायनलीमध्ये रिले बंद केला की झालं ना?

अर्धं झालं. एरर आली, कंट्रोल सी दाबलं, तर फायनली, म्हणजे ट्रायच्या शेवटचा भाग, चालतो, ते नक्की लिहा. पण मशीन मॉड्यूलमधला रिसेट कॉल केला, वॉचडॉगनं रिसेट केलं किंवा लाईट गेली, या तिन्ही वेळेला फायनली चालत नाही, प्रोसेसर सरळ पहिल्यापासून सुरू होतो. तेव्हा बाहेरच्या सर्किटनंच सांभाळायला हवं.

रिसेट झाल्यावर पिना इनपुट होतात, म्हणजे रिलेच्या इनपुटला कोणीच धरून ठेवलेलं नसतं. तिथे १० के चा एक रेझिस्टर लावा, रिले हाय दिल्यावर ओढत असेल तर ग्राउंडकडे, लो दिल्यावर ओढत असेल तर ३.३ व्होल्टकडे, रुपया-दोन रुपयांचं काम आहे. ईएसपी३२ च्या काही पिना बूट होताना क्षणभर हाय होतात आणि रिले टकटक करतो, त्या पिना रिलेला वापरूच नका. आणि लो वर चालणारा रिले असेल तर पिन आउटपुट करतानाच त्याच ओळीत व्हॅल्यू १ द्या, आधी आउटपुट करून पुढच्या ओळीत १ दिलं तर मधल्या क्षणात रिले एकदा ओढला जातो.

मोटरसारखी गोष्ट असेल तर याच्याही पुढे जाऊन ड्राय रन प्रोटेक्शन (पाणी संपल्यावर मोटर बंद करणारं) वेगळं, स्टार्टरमध्येच लावा. सॉफ्टवेअर कितीही जपून लिहिलं तरी विहिरीतली मोटर एकट्या त्याच्या भरवशावर सोडू नये असं माझं ठाम मत झालंय.

वॉचडॉग काय असतो आणि कधी लावायचा?

वॉचडॉग म्हणजे हार्डवेअरमधला उलटा मोजणारा टायमर. तुमचा प्रोग्राम त्याला वेळेवर 'फीड' करत राहतो, नाही केलं तर तो बोर्ड रिसेट करतो. ट्राय-एक्सेप्ट एररवर काम करतं पण प्रोग्राम एखाद्या ओळीवर अडकूनच पडला तर एररच येत नाही, तिथे हाच कामाला येतो. आणि एरर न पकडल्यामुळे बोर्ड आरईपीएलवर जाऊन बसला तरी वॉचडॉग मोजतच असतो, थोड्या वेळात रिसेट मारतो. म्हणजे त्या रात्री वॉचडॉग असता तर मोटर आठ सेकंदात बंद झाली असती.

सांभाळायच्या गोष्टी. एकदा सुरू केला की बंद करता येत नाही, त्यामुळे कोड लिहिताना ती ओळ कमेंट करून ठेवा नाहीतर थॉनीत काम करता करता बोर्ड मधेच रिसेट होत राहील. पिकोवर (आरपी२०४०) जास्तीत जास्त ८३८८ मिलिसेकंद देता येतात, त्यामुळे सर्व्हरला डेटा पाठवताना नेट स्लो असेल आणि रिक्वेस्ट दहा सेकंद लटकली तर काही चूक नसताना रिसेट होणार, म्हणून रिक्वेस्टला चार-पाच सेकंदांचा टाइमआउट द्या. आणि फीड मेन लूपमध्येच करा, टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळानं मेन लूप मधेच थांबवून चालणाऱ्या कोडमधून) करू नका, मी बऱ्याच जणांच्या कोडमध्ये हे बघतो, मेन लूप मेलेला असतो आणि टायमर बिचारा इमानदारीत फीड करत राहतो, मग वॉचडॉग लावून उपयोग काय झाला.

रिसेट कशामुळे झाला हे रिसेटकॉज फंक्शन सांगतं, पण पिकोवर तुम्ही कोडमधून केलेला रिसेट पण वॉचडॉगच्याच वाटेनं होतो त्यामुळे दोन्हीला एकच उत्तर येतं. फरक कळायला हवा असेल तर स्वतः रिसेट करण्याआधी फाईलमध्ये एक ओळ लिहून ठेवा.

बोर्ड सारखा रिसेट होतोय, थॉनी कनेक्टच होत नाही, बोर्ड गेला का?

नाही गेला. मेनमध्ये सुरुवातीलाच एरर येतेय, तुमचा एक्सेप्ट लगेच रिसेट करतोय, असं चक्र चालू आहे. यासाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवायच्या, मेनच्या पहिल्या ओळीत ३-४ सेकंदांचा स्लीप, ज्यात कंट्रोल सी दाबायला वेळ मिळतो, आणि रिसेटच्या आधी पण थोडं थांबायचं, पहिल्यांदा ५ सेकंद, मग १०, २०, असं वाढवत जास्तीत जास्त पाच मिनिटं. मोजणी फाईलमध्ये ठेवावी लागते कारण रॅम पुसली जाते. वॉचडॉग चालू असेल तर थांबताना पण त्याला फीड करत राहायचं, हे विसरू नका.

आत्ता अडकलाच असेल तर पिकोचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावा आणि फ्लॅश पुसणारी यूएफटू फाईल टाका, ईएसपी३२ असेल तर ईएसपीटूलनं फ्लॅश इरेज करा, मग फर्मवेअर परत घाला. बोर्डवरच्या तुमच्या फाईल जातील, म्हणून कॉपी लॅपटॉपवर हवीच.

लांब लावलेला बोर्ड बंद पडला, कारण कसं कळणार?

सिस मॉड्यूलमध्ये प्रिंट एक्सेप्शन नावाचं फंक्शन आहे, त्याला एरर आणि उघडलेली फाईल दिली की अख्खा ट्रेसबॅक ओळ नंबरसकट फाईलमध्ये उतरतो. नुसतं एररचं नाव लिहून ठेवू नका, 'ओएसएरर ५' एवढ्यावरून चार सेन्सरपैकी कोण रुसलाय ते कळत नाही.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. दर दोन सेकंदाला येणारी एरर प्रत्येक वेळी लिहिली तर दिवसाला ४३,२०० वेळा फ्लॅशवर लिहिणं होतं, आणि फ्लॅशचा एक सेक्टर साधारण लाखभर वेळा पुसता येतो. फाईल सिस्टिम झीज पसरवते पण तरीही हे बरोबर नाही. तीच एरर परत आली तर फक्त मोजा, नवीन आली तरच लिहा, आणि फाईल २० केबीच्या वर गेली की नाव बदलून जुनी म्हणून ठेवा आणि नवीन सुरू करा.

दुसरं, लिहितानाच एरर येऊ शकते, फ्लॅश भरलेली असेल तर, म्हणून लिहिण्याला स्वतःचा ट्राय हवा आणि रिले बंद करणं त्याच्या आधी हवं.

तिसरी गोष्ट वेळेची. पिकोला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, पॉवर आली की तो १ जानेवारी २०२१ पासून मोजायला लागतो. टेबलवर हे लक्षात येत नाही कारण थॉनी कनेक्ट होताना लॅपटॉपची वेळ बोर्डला देतं, शेतातली लॉग फाईल उघडली की सगळ्या एरर २०२१ सालच्या दिसतात. नेट असेल तर एनटीपीनं (नेटवरून वेळ देणारी सेवा) वेळ घ्या, नसेल तर डीएस३२३१ चं (बॅटरीवाल्या घड्याळाचं) मॉड्यूल लावा, तेही नको असेल तर निदान चालू झाल्यापासून किती सेकंद झाले ते लिहा.

मेमरी शिल्लक दिसते तरी मेमरीएरर का?

जागा सलग नाही म्हणून. पंगतीत दहा पाट रिकामे आहेत पण एक इथे एक तिथे, चौघांच्या घराला एकत्र बसायचं तर जागाच नाही, तसं. मायक्रोपायथनचा गार्बेज कलेक्टर नको असलेलं उचलतो पण उरलेलं सरकवून एका बाजूला लावत नाही. पिकोत एकूण रॅमच २६४ केबी, त्यातली काही मायक्रोपायथनला स्वतःलाच लागते, त्यामुळे दिवसभर स्ट्रिंग जोडत बसलं की संध्याकाळपर्यंत चार केबीची सलग जागा मिळेनाशी होते.

मोठे बफर सुरुवातीलाच, इम्पोर्टनंतर लगेच, बाइटॲरे म्हणून एकदा बनवा आणि तेच परत परत वापरा, रीड ऐवजी रीडइंटू वापरा. मोठ्या कामाच्या आधी जीसी कलेक्ट करा, म्हणजे गार्बेज कलेक्टर स्वतः चालवा. आणि मेमरीएरर आलीच तर तिथे लांबलचक मेसेज बनवत बसू नका, त्याला पण मेमरी लागते. आधी कलेक्ट, मग छोटी नोंद, मग रिसेट, या एररनंतर प्रोग्राम तसाच पुढे रेटण्यात अर्थ नाही.

वायफायवाला प्रोग्राम काही तासांनी मरतो

बहुतेक वेळा रिस्पॉन्स क्लोज केलेला नसतो. रिक्वेस्ट पाठवली, उत्तर आलं, पण क्लोज नाही केलं तर सॉकेट (नेटचं कनेक्शन) उघडाच राहतो, असे थोडे साठले की १२ नंबरची ईएनओएमईएम येते. मधे एरर आली तर क्लोजची ओळ चुकते म्हणून ते फायनलीमध्येच हवं. बाकी राउटर बंद पडणार, लाईट जाणार, हे धरूनच चालायचं, नेट नाही म्हणून मोटरचं लॉजिक थांबता कामा नये.

असिंकआयओमध्ये एक टास्क गप्प बसतो, बाकी चालू, असं कसं?

असिंकआयओ म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं (टास्क) आलटून पालटून चालवायची सोय. क्रिएट टास्कनं सुरू केलेल्या टास्कमध्ये एरर आली की फक्त तो टास्क मरतो, सिरियलवर एक मेसेज येतो, बाकीचा लूप चालूच राहतो. म्हणजे डिस्प्लेचा ठिपका लुकलुकतोय, वॉचडॉग फीड होतोय, आणि मोटर बंद करणारा टास्क मेलेला. सेट एक्सेप्शन हँडलर वापरून कुठल्याही टास्कची एरर एका जागी आणा, आणि फीड करण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या टास्कनं शेवटचं कधी काम केलं ती वेळ तपासा, सगळे ताजे असतील तरच फीड.

इंटरप्टमधली एरर मेनच्या ट्रायमध्ये का येत नाही?

ती तिथे येतच नाही, सिरियलवर छापली जाते आणि संपतं. इंटरप्टमध्ये फक्त फ्लॅग सेट करा, काम मेन लूपमध्ये. हार्ड इंटरप्ट असेल तर तिथे नवीन मेमरी घेता येत नाही, त्यामुळे एररचा मेसेज पण बनत नाही, म्हणून प्रोग्रामच्या वरच मायक्रोपायथन मॉड्यूलमधून १०० बाइटचा इमर्जन्सी एक्सेप्शन बफर घेऊन ठेवा.

बारा दिवस चालतो आणि मग टायमिंग बिघडतं

टिक्स एमएस (मिलिसेकंद मोजणारं फंक्शन) २ चा ३० वा घात झाला की परत शून्यावर येतं, दिवसांत मोजलं तर साधारण १२.४ दिवस. साधी वजाबाकी केली असेल तर त्या वेळी उत्तर मोठं उणे येतं आणि '४० मिनिटं झाली का' ही अट पूर्णच होत नाही. कुठलीही एरर येत नाही. टिक्सडिफ वापरा, त्यासाठीच दिलंय.

एरर नाही पण आकडाच चुकीचा, ते कसं पकडायचं?

डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरनं बरोबर ८५.० दिलं तर तो बहुतेक पॉवर आल्यावरचा त्याचा ठरलेला आकडा असतो, मोजणी पूर्ण व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात तेवढं थांबला नाहीत किंवा सेन्सरची पॉवर मधे गेली. अशा वेळी रेंज तपासून स्वतःच व्हॅल्यूएरर रेज करा, म्हणजे चुकीचं रीडिंग पण त्याच वाटेनं हँडल होतं. त्यासाठी ॲसर्ट (अट तपासणारी ओळ) नका वापरू, ऑप्टिमायझेशन लेव्हल १ ला सुद्धा ॲसर्टच्या ओळी गायब होतात. आणि ईएसपी३२ वर 'ब्राउनआउट' दिसलं तर कोडमध्ये शोधत बसू नका, व्होल्टेज पडतंय, आधी केबल आणि अडॅप्टर बदला.

सर्किटपायथनमध्ये पण असंच आहे का?

बरंचसं. मायक्रोपायथन डेमियन जॉर्जनं २०१३ मध्ये किकस्टार्टरवर आणलं, ॲडाफ्रूटनं २०१७ मध्ये त्याच्यातूनच सर्किटपायथन काढलं. तिथे एरर न पकडता प्रोग्राम थांबला तर स्टेटस एलईडी लाल रंगात दोनदा ब्लिंक होते, सेफ मोडला पिवळी तीनदा, लांबून कळायला ते छान आहे.

हे सगळं टेस्ट कसं करायचं?

मुद्दाम बिघडवून. रिलेवर मोटरऐवजी बल्ब लावा आणि बल्ब चालू असताना सेन्सरची डेटा वायर ओढा, परत लावा, राउटर बंद करा, यूएसबी उपटा, मेन लूपमध्ये मधेच शून्यानं भागाकार टाका, एका जागी कायमचा फिरणारा लूप टाका. प्रत्येक वेळी बल्ब विझला का आणि लॉगमध्ये ओळ आली का, एवढंच बघा. मी आता शेवटी सेन्सरच्या वायरीशेजारी ड्रिल मशीन दहा-पंधरा वेळा चालू-बंद करून चेकसम एरर मुद्दाम आणतो, ती आली आणि बल्ब वेळेवर विझला की मगच डबा बंद करून पंपघरात नेतो.